कानाची पाळी सगळे तपासतात, ऐकू येतं का ते कोण विचारणार?

हे बघा, कानाची पाळी दोन बोटांत घट्ट दाबून धरलीय, रक्त उतरून पांढरी पडेपर्यंत, मग ब्लेडने बारीकशी चीर द्यायची आणि आतलं खरवडून काचेच्या स्लाइडवर घ्यायचं. कुष्ठरोगाची ही जुनी तपासणी. कानच का, तर या जंतूंना अंगातल्या थंड जागा मानवतात. मानेवरून कानाकडे जाणारी नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) जाड झालीय का तेही चाचपून बघतात. म्हणजे कानाला हात दर वेळी लागतो, पण "नीट ऐकू येतं का हो?" हे फारसं कोणी विचारत नाही.

खरं तर विचारायलाच हवं. नाकाच्या आत रोग पसरला की नाकातून कानाकडे जाणारी नळी तुंबू शकते आणि ऐकू कमी येतं, काही पेशंटच्या तर आतल्या कानातच दोष सापडलाय. पण म्हाताऱ्या माणसाने टीव्हीचा आवाज वाढवला की सगळे म्हणतात वय झालं, विषय संपला.

तोलाचं तर याहून अवघड आहे. माणूस उभा राहतो तो आतला कान, डोळे आणि तळपाय या तिघांच्या जिवावर. कुष्ठरोगात घोट्याजवळची नस गेली की तळपायाला जमीन कळत नाही, गुडघ्याजवळची गेली की पाऊल लोंबतं, चेहऱ्याची गेली की डोळा मिटत नाही आणि बुबुळाला जखमा होऊन नजर अधू होते. उरला आतला कान, आणि त्यातही गडबड असेल तर रात्री लाइट गेल्यावर त्या माणसाने संडासपर्यंत जायचं कसं? तो पडतो, बधिर पायाला काय लागलं ते त्याला कळतही नाही, जखम चिघळते.

एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांच्या गोळ्या फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, हे अगदी खरं. पण मेलेली नस गोळ्यांनी परत येत नाही. वर्ध्याजवळची दत्तपूरची कुष्ठरोग्यांची वसाहत १९३६ पासूनची, अशा जुन्या वसाहतींत एमडीटी यायच्या आधी नसा गमावलेली माणसं आता म्हातारी झालीत, आणि सगळ्यात जास्त तीच पडतात.

करायचं म्हटलं तर फार अवघड नाहीये हो. डोळे मिटून, पाय जुळवून उभं करायचं, शेजारी सावरायला कोणीतरी हवंच, माणूस डोलतो का ते लगेच दिसतं. आणि बधिर पायांसाठीच्या मऊ रबराच्या एमसीआर चपला वाटायचा कॅम्प लागतोच, त्याच दिवशी तिथे कान तपासायचं मशीन आणि ते चालवणारा माणूस बसवा.