जॉर्जेट हेयर : प्रेमकादंबरीची कारागिरी

मित्रहो,

दोघं भेटतात, मधे काहीतरी आडवं येतं, शेवटी लग्न ठरतं. प्रेमकादंबरीचा सांगाडा एवढाच. म्हणून हा प्रकार हाताला सहज लागेल असं नव्या लेखकांना वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात हस्तलिखित अडकतं. हे का होतं आणि त्यावर काय करता येतं, हे पाहण्यासाठी मी आज एकाच लेखिकेची कार्यपद्धती घेतली आहे : जॉर्जेट हेयर. जन्म १९०२, विंबल्डन, मृत्यू १९७४. पहिली कादंबरी 'द ब्लॅक मॉथ' १९२१ साली आली. आजारी धाकट्या भावाचं मन रमावं म्हणून रचलेली गोष्ट वडिलांच्या आग्रहाने छापली गेली होती. त्यानंतर पन्नासहून अधिक कादंबऱ्या. आज इंग्रजीत 'रीजन्सी रोमान्स' नावाचं जे मोठं दालन आहे, ते मुख्यतः त्यांच्या लेखनातून उभं राहिलं. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारी होता आणि युवराज त्याच्या वतीने कारभार पाहत होता, तो काळ.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हेयर यांच्या कादंबऱ्या हलक्या वाटतात, कारण त्यांच्यातला प्रत्येक अडथळा त्या काळातल्या एखाद्या खऱ्या नियमावर, किमतीवर किंवा रिवाजावर उभा आहे. भावना त्या मागाहून आणतात. आधी जमीन पक्की करतात.

ती जमीन म्हणजे नोंदी. त्यांच्या संग्रहात इतिहासविषयक हजारावर संदर्भग्रंथ होते. राजघराण्यांचे आणि लढायांचे तर होतेच, शिवाय तपकिरीच्या डब्यांचे, दुकानांच्या पाट्यांचे, पोशाखांचे इतिहासही होते. मासिकांतली चित्रं त्या कापून ठेवत. वाचताना सापडलेला शब्द किंवा तपशील कार्डावर उतरवून विषयवार लावत : सौंदर्य, रंग, कपडे, टोप्या, घरखर्च, किमती, दुकानं. अमुक वर्षी मेणबत्त्या काय भावाने मिळत, हेसुद्धा त्यात होतं. वह्या वेगळ्या. त्यांत वाक्प्रचारांच्या याद्या : खाण्यापिण्याचे आणि भांड्यांचे, लाडाने हाक मारण्याचे, कोणी कोणाला काय संबोधायचं याचे. या शेवटच्या यादीकडे लक्ष द्या. प्रेमकथेत नातं कुठवर आलं आहे, हे संबोधनावरून जितकं कळतं तितकं वर्णनाने कळत नाही. आपल्याकडे 'अहो' वरून 'अरे' वर यायला एखाद्या जोडीला अख्खी कादंबरी लागू शकते. ते कोणत्या पानावर घडतं, कोणासमोर घडतं, हे लेखकाने आधीच ठरवलेलं असलं पाहिजे.

या पद्धतीत एक उणीव होती. कार्डावर माहिती असायची, पण ती कुठून घेतली हे त्या क्वचितच लिहीत. तुम्ही ते टाळा. एका कार्डावर एकच गोष्ट लिहा. वरच्या कोपऱ्यात वर्ष, गाव आणि कोणत्या थरातल्या माणसांची गोष्ट आहे ते; मधे तपशील; खाली पुस्तकाचं नाव आणि पान. 'त्या काळी लोक असं करत' अशी नोंद निरुपयोगी असते. कोण लोक, कोणत्या साली, किती पैसे देऊन, हे नसेल तर त्या नोंदीतून प्रसंग निघत नाही.

नोंदी डोक्यात मुरल्या की काय होतं, याचं उदाहरण 'द मॅस्करेडर्स'. पती खाणकामाचे अभियंता होते. त्यांच्याबरोबर हेयर टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, हत्तीगवताच्या झोपडीत राहत होत्या. जवळ संदर्भग्रंथ नव्हते. कादंबरीचा काळ १७४५ च्या बंडाच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला ब्रिटनची गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या उठावाच्या, आगेमागे. ती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात कालविपर्यासाची एकच चूक निघाली : 'व्हाइट्स' हा क्लब त्यांनी एक वर्ष आधी उघडला.

आता या माहितीचं कथानक कसं होतं ते पाहू.

इंग्लंडमध्ये १७५३ चा विवाह कायदा होता. वधू किंवा वर एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि परवान्याने लग्न करायचं असेल, तर आईवडिलांची किंवा पालकाची संमती लागे. परवाना नको असेल तर चर्चमध्ये तीन रविवार नावांची जाहीर घोषणा. म्हणजे गाजावाजा आणि हरकतीची संधी. खास परवाना कँटरबरीच्या आर्चबिशपकडून मिळे, आणि मग कुठेही, कोणत्याही वेळी लग्न लावता येई. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून सीमेवरचं ग्रेटना ग्रीन हे गाव पळून जाणाऱ्यांचं ठिकाण झालं. लंडनपासून ते तीनशेहून जास्त मैल. वाटेत ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलायचे, दर टप्प्याला पैसे मोजायचे, सरायांत मुक्काम करायचा. म्हणजे पाठलाग करणाऱ्याला वाव आहे, पैसे संपण्याची भीती आहे, आणि मुलगी एक रात्र बाहेर राहिली की तिच्या अब्रूचा प्रश्न आहे. एका कायद्यातून इतके प्रसंग निघतात. लेखकाला योगायोगाची गरजच उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या हाताशी असंच साधन आहे : १९५४ चा विशेष विवाह कायदा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लागते, आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. त्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावं लागतं. तीस दिवस लावलेला कागद, तो वाचणारा एखादा ओळखीचा माणूस, हॉस्टेलच्या दाराची वेळ, गावाकडची शेवटची एसटी : आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याच्या कादंबरीचं वेळापत्रक इथेच तयार आहे. तरीही आपल्याकडे असं लग्न बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं दिसतं, आणि मग दोनशे पानं भरायला गैरसमज आणावे लागतात.

गैरसमज हे प्रेमकादंबरी फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. तिने त्याला बहिणीबरोबर पाहिलं, ती कोण हे न विचारताच निघून गेली, आणि शंभर पानं दोघं झुरत राहिले. जो अडथळा एका प्रश्नाने मिटू शकतो तो अडथळाच नव्हे. वाचक विसाव्या पानावर चिडतो आणि त्याचा राग पात्रांवर निघतो. हेयर यांच्या चांगल्या कादंबऱ्यांत मोकळेपणाने बोलूनही प्रश्न सुटत नाही.

'व्हेनीशिया' (१९५८) घ्या. यॉर्कशरमधली पंचवीस वर्षांची नायिका, आणि बदनाम शेजारी डॅमरेल. दोघांचं जमतं, दोघांना ते कळतं, गैरसमज काहीच नाही. अडथळा असा, की आपल्याशी लग्न केलं तर हिचं नाव धुळीला मिळेल, असं त्याला मनापासून वाटतं. म्हणजे त्याचं प्रेमच आडवं येतं. समजावून उपयोग नाही, कारण समाजाबद्दलचं त्याचं अनुमान बरोबर आहे. सुटका वस्तुस्थितीतून होते. मेली असं जिच्याबद्दल सांगितलं होतं ती आई जिवंत आहे, आणि घटस्फोटित आहे, हे व्हेनीशियाला कळतं. त्या काळात घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे; कलंक केवढा असेल ते पाहा. आपल्या कुळाला आधीच डाग आहे, हेच ती हत्यार म्हणून वापरते. इथे तपशील आणि भावना वेगळे काढता येत नाहीत.

'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१) मला त्यांची सर्वांत धाडसी कादंबरी वाटते. वडिलांच्या कर्जाने बुडालेला अ‍ॅडम घर वाचवण्यासाठी श्रीमंत व्यापाऱ्याच्या साध्या दिसणाऱ्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. प्रेम दुसरीवर, देखण्या ज्युलियावर. लग्न सुरुवातीलाच झालेलं आहे. मग कादंबरी कशावर चालते? घर चालवण्यावर. त्याला काय आवडतं, कधी एकटं सोडायचं, हे जेनी हळूहळू शिकते. नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी सरकारी रोखे कोसळतात. सासरा विकायला सांगतो, अ‍ॅडम ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनवरच्या विश्वासाने खरेदी करतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो. आता तो जेनीपाशी राहतो तो पैशासाठी नाही, हे वाचकाला न सांगता कळतं. शेअर बाजार प्रेमकथेच्या इतका कामी आलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

नायकांबद्दल थोडक्यात. त्या स्वतःच्या नायकांचे दोन नमुने सांगत. पहिला : रांगडा, तुसडा, तापट. दुसरा : मृदुभाषी, उंची कपड्यांतला, श्रीमंत, घोडागाडी हाकण्यात नामांकित. चांगला कारागीर आपले साचे ओळखून असतो, आणि मग ते मोडतोही. 'कोटिलियन' (१९५३) मध्ये नायिका ज्या देखण्या जॅकसाठी खटपट करते तो बाजूला पडतो आणि कपडे व रीतभात यांपलीकडे काही कळत नाही असं वाटणारा फ्रेडी नायक ठरतो. ही कलाटणी अचानक नाही. फ्रेडी पहिल्यापासून इतरांच्या बारीकसारीक अडचणी निमूटपणे सोडवत असतो. आपण त्याला मोजत नाही इतकंच. असं करायचं असेल तर खऱ्या नायकाला लवकर आणा, त्याला दर दोन-तीन प्रकरणांत एक छोटं, उपयोगाचं काम द्या, आणि त्या कामाचं कौतुक कोणाही पात्राच्या तोंडी घालू नका.

संवादांत त्या काळातली बोली भरपूर येते, पण न कळणारा शब्द नेहमी अशा जागी असतो की भोवतालच्या कृतीने तो उलगडतो. एका वाक्यात एक अनोळखी शब्द वाचकाला चालतो; तीन आले की तो पान उलटतो. 'अ‍ॅन इन्फेमस आर्मी' (१९३७) मध्ये वेलिंग्टनच्या तोंडी त्याने खरोखर बोललेले किंवा लिहिलेलेच शब्द घालायचे, असा नियम त्यांनी पाळला. तिथली वॉटर्लूची लढाई उत्तम उतरली आहे. पण त्या प्रकरणांत प्रेमकथा पार हरवते, आणि हा तोल गेला असंच मी म्हणेन.

लेखनजीवन मात्र कष्टाचं होतं. १९२५ मध्ये वडील अचानक गेले, भावांची जबाबदारी आली. पुढे पती वकिलीचा अभ्यास करत असताना घर त्यांच्याच लेखणीवर चाले. १९३० च्या दशकात साधारण वर्षाला एक प्रेमकादंबरी आणि एक रहस्यकथा असा क्रम होता. रहस्यकथांचा सांगाडा पती देत, तोही 'अ' आणि 'ब' यांनी काय केलं एवढ्याच स्वरूपात. त्या 'अ' आणि 'ब' ला माणसं करणं हे हेयर यांचं काम. १९२६ मध्ये 'दीज ओल्ड शेड्स' ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाच्या सुमारास आली. परीक्षणं नाहीत, जाहिरात नाही, तरी एक लाख नव्वद हजार प्रती खपल्या. तेव्हापासून त्यांनी प्रसिद्धीला नकार दिला. या शिस्तीची किंमतही मोजावी लागली. इंग्लंडच्या लँकेस्टर राजघराण्यावरची मध्ययुगीन कादंबरीत्रयी त्यांना मनापासून लिहायची होती. वाचकांची मागणी आणि कराची देणी यांमुळे ती पुन्हा पुन्हा बाजूला पडली. पहिलाच भाग, तोही अपुरा, मृत्यूनंतर १९७५ मध्ये आला.

त्यांच्या दोषांकडे डोळेझाक करू नका. 'द ग्रँड सोफी' (१९५०) मधला ज्यू सावकार हे पूर्वग्रहाने काढलेलं विद्रूप चित्र आहे. ते वाचताना आजही संताप येतो. काळाच्या नोंदी जमवणाऱ्या लेखकाने त्या काळाचे द्वेषही जसेच्या तसे उचलू नयेत. नोकर-चाकरही बहुतेकदा विनोदापुरते येतात.

त्याच कादंबरीचा शेवट मात्र प्रत्येकाने कागद-पेन्सिल घेऊन अभ्यासावा. शेवटी सगळी पात्रं एकामागून एक एकाच घरात येऊन थडकतात. येणाऱ्याचं कारण आधीच्या प्रकरणांत पेरलेलं आहे, त्यामुळे तिथे नवी माहिती द्यावी लागत नाही. समासात तीन रकाने आखा : कोण आलं, कशासाठी आलं, ते कारण प्रथम कोणत्या पानावर दिसलं. मग हेच तीन रकाने स्वतःच्या शेवटच्या प्रकरणासाठी भरा. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे मागे जाऊन प्रसंग लिहावा लागेल. प्रेमाची कबुली हेयर बहुधा अगदी शेवटच्या पानांवर देतात, पुष्कळदा भांडणाच्या सुरातच. लग्नाचा समारंभ सहसा दाखवत नाहीत. दोघांनी एकमेकांना होकार दिला की कादंबरी तिथेच थांबते.