नववीनंतरची सुट्टी गेली कुठे?

आजचा विषय पत्रिकेत 'मुलांवरचा अभ्यासाचा ताण' असा छापलाय. पण आधी कुरडयांबद्दल बोलतो. हसू नका, विषयाला धरूनच आहे.

आमच्या भावाकडे एप्रिलअखेर कुरडया असतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि पहाटे तो शिजवताना हात दुखेस्तोवर घोटायचा. मग गच्चीवर सोऱ्या, आणि राखणीला पोरं. कावळ्यांपासून पोरं राखणार. पोरांपासून कोण राखणार? काठाला कडक, मध्ये मऊ अशी अर्धवट वाळलेली कुरडई ज्यांनी कधी चोरून खाल्ली नाही, त्यांनी हात वर करा. एकच हात. तेही कोकणातले दिसतायत.

यंदा भावाचा नातू नववीतून दहावीत गेला. परीक्षा संपते न संपते तोच क्लासची 'व्हेकेशन बॅच' सुरू, भल्या सकाळी. वहिनींनी गरम चिकावर तूप घालून वाटी पुढे केली, तर म्हणतो, "आजी, वेळ नाही, डब्यात दे." चीक डब्यात! थंड झाल्यावर त्याचा गोळा होतो हो.

मला राहवेना. मी क्लासला फोन लावला. म्हटलं, दहावी जूनमध्ये शाळेबरोबर सुरू केली तर नाही का चालणार? पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सर, जूनपर्यंत आमची चार-पाच प्रकरणं होऊन जातात." मग शाळेत काय शिकवतात? "ते रिव्हिजन होतं ना, सर." मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. आपण रिव्हिजन घेत होतो, हे निवृत्तीनंतर कळलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. म्हणजे मुद्दा राहिलाच की!

भरभर सांगतो. १९८९ साली लेखक आर. के. नारायण राज्यसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले ते दप्तराच्या ओझ्यावर. पुढे यशपाल समिती नेमली गेली. १९९३ च्या तिच्या अहवालाने सांगितलं की, पाठीवरच्या ओझ्याहून न समजलेल्याचं ओझं जास्त. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस, सहावी ते आठवीला २२०. किमान शिकवण्याचा हिशेब आहे. किमान सुट्टीचा कुठे आहे? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम विश्रांती आणि खेळ हा हक्कच मानतं, आणि १९९२ पासून आपण त्या कराराला बांधील आहोत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, आठवड्याची सुट्टी हवी, त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको. हे शेवटचं कुणी लिहिलं असेल त्याच्या घरी नक्की एक नववीतलं पोर असणार!

माझं म्हणणं एवढंच की, नववीनंतरचा मे महिना आधी परत घ्या. तो गेला म्हणून आठवीचा जायला लागलाय, सातवीचा रांगेत आहे. आणि क्लासऐवजी महागडं शिबिर, हा काही उपाय नव्हे.

जाता जाता एक. ज्या वाचनालयाने मला बोलावलंय, त्याचा बालविभाग मे महिन्यात दुपारी बंद असतो. बाहेर कुलूप, आत पंखे. तो बारा ते चार उघडा ठेवा. सचिवांनी मान हलवली, मी होकार धरतो. आता आभार मानणाऱ्यांनी यावं.