पोटात गोळा, समोर पॅनेल

(दृश्य: सकाळ. जिन्यात चपलांचा ढीग. खोलीत एक मुलगी साडीच्या निऱ्यांना पिन लावते आहे.)

ही पुण्यातली सदाशिव पेठ. इथे अभ्यासिकेतली खुर्ची महिन्याच्या भाड्याने मिळते आणि जिन्याजिन्यात कुणीतरी चालू घडामोडी पुटपुटत असतं. ही मुलगी हिंगोली जिल्ह्यातली. यूपीएससीची मुख्य परीक्षा पार झालीय. १७५० गुणांचे पेपर लिहिताना हिचा हात थरथरला नव्हता. आता उरलेत मुलाखतीचे २७५, दिल्लीत, ढोलपूर हाऊसमध्ये. त्याआधी आज इथे मॉक, म्हणजे सरावाची मुलाखत, आहे. आणि निरीची पिन तिसऱ्यांदा सुटलीय.

"मॉकच आहे गं," मैत्रीण म्हणते.

"माहितीय. हात बघ माझे किती गार पडलेत."

पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली, हातपाय गार पडले. हे वाक्प्रचार एखाद्या डॉक्टरनेच पाडलेत की काय, इतके नेमके आहेत. अॅड्रेनलिन वाढलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार. पचन मंदावतं, लाळ आटते. शरीराची पळायची सगळी तयारी झालेली, आणि आपल्याला मात्र खुर्चीत ताठ बसायचं असतं.

(दृश्य: रिकामं टेबल, तीन खुर्च्या.)

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण देणारी एक पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी काय निवडावं? नोकरीची मुलाखत! पाच मिनिटं पॅनेलसमोर उभं राहून 'या जागेला मीच कसा योग्य' हे पटवायचं. मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. खरी मेख पॅनेलमध्ये होती. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, अशी त्यांना ताकीद. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चांगलंच चढलं. पुढे २०१३ मध्ये जर्मनीतच असाच प्रयोग झाला, फक्त पॅनेल हसतमुख ठेवलं. तेव्हा कॉर्टिसॉल चढलं नाही.

प्रश्नापेक्षा माणूस समोरच्या कोऱ्या चेहऱ्यालाच जास्त घाबरतो, असं दिसतं. पेठेतल्या मॉकवाल्यांना हे ट्रियरचं नाव न ऐकताच कळलंय. आजच्या पॅनेलमधले निवृत्त अधिकारी एरवी गप्पिष्ट, पण या खोलीत चेहऱ्याला कडक इस्त्री.

(दृश्य: बंद दार. हातात फाइल.)

'मन शांत ठेव' हा सल्ला हिला सगळ्यांनी दिलाय. मला तो कधीच उमगला नाही, ठेवायचं कुठे? ती आपली श्वास सोडते आहे, घेतला त्यापेक्षा लांबवून. श्वास सोडताना व्हेगस चेतातंतू हृदयाचा वेग थोडा उतरवतो. थोडाच. तेवढा पुरे.

काल रात्री तिने आरशासमोर एकच वाक्य घोकलं: "सर, मला याचं उत्तर माहीत नाही." सुरुवातीला दर वेळी "सर, मला वाटतं..." असंच तोंडातून निघायचं. वर्षानुवर्षं उत्तरं पाठ केलेल्या जिभेला हे वाक्य जड जातं. चौदाव्या की पंधराव्या वेळी ते सरळ आलं.

(दृश्य: दार उघडतं. नंतर, जिन्यात, फोनवर.)

"काय विचारलं गं?"

"आपल्याकडच्या हळदीवरच धरलं, आई. ओली हळद शिजवून वाळवली की वजन किती उरतं."

"मग?"

"सांगितलं, माहीत नाही. आवाज नाही कापला."

फोनवर क्षणभर शांतता.

"अगं, क्विंटलाला वीसेक किलो! दरवर्षी आपल्या अंगणात हळद शिजते, आणि तिथे जाऊन माहीत नाही म्हणालीस?"