टकळी आणि मोबाईल

(पहाट. फुटलेली पऱ्हाटी. वेचणारे हात.)

नोव्हेंबरातली सकाळ. वर्धा जिल्ह्यातलं एक शिवार. बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचताहेत. एकीच्या मोबाईलवर गाणं चालू आहे. ते मध्येच तुटतं आणि बियाण्याची जाहिरात लागते. कुणी मान वर करत नाही. पण ऐकतात सगळ्याच.

(शाळा. सातवीचा वर्ग.)

तीच जाहिरात आज गावच्या शाळेत लागली आहे. सरांनी आधी आवाज बंद ठेवलाय. फक्त बघा, म्हणतात. हिरवंगार शेत, पांढऱ्या शर्टातला शेतकरी, हातात टपोरं बोंड. थोडा वेळ वर्ग गप्प. मग मागच्या ओळीतली एक मुलगी उठते.

"सर, ह्या माणसाच्या बोटाले एक बी ओरखडा नाही."

बोंडाची वाळलेली टोकं बोटं कशी ओरबाडतात, हे तिला कुणी सांगायला नको. लगेच दुसरी म्हणते, "अन् वेचते कोन? वेचते त आमची माय. ते कुठी हाय यात?"

(फळ्यावर खडूने: हे कुणी बनवलं? पैसे कुणी दिले? यात कोण नाही?)

हिटलरच्या जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत गेलेल्या थिओडोर अडोर्नो आणि मॅक्स होर्कहायमर या विचारवंतांनी १९४०च्या दशकात 'संस्कृतिउद्योग' ही कल्पना मांडली. कारखान्यातून माल निघावा तशी करमणूकही साच्यातून निघते आणि बघणारा नुसता गिऱ्हाईक होऊन बसतो. मला हे पटतं, पण अर्धंच. जमैकात जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली उरलेलं अर्धं सांगितलं. बघणारा संदेश जसाच्या तसा घेऊ शकतो, साफ नाकारू शकतो, नाहीतर त्याच्याशी घासाघीस करू शकतो.

घासाघीस! कापूस विकणाऱ्या घराला ती शिकवावी लागते का? मग मोबाईलपुढेच आपण मुकाट का होतो?

२०२२मध्ये कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात 'विकू नका, भाव आणखी चढणार' असे मेसेज फिरू लागले. आम्हीही थांबलो. भाव उतरत गेला आणि कापूस उन्हाळ्यापर्यंत घरातच पडून राहिला. त्या साठवलेल्या कापसाने लेकरं रात्र रात्र अंग खाजवत होती. तो मेसेज मुळात कुणी लिहिला, हे आमच्या घरात एकानेही विचारलं नाही.

(स्क्रीनवर सरकणारा अंगठा.)

आमच्या आधीच्या पिढ्यांनी सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उठवला. आजचा अंगठा 'परवानगी आहे' दाबतो, तोही न वाचताच. कोणत्या व्हिडिओवर आपण किती वेळ थबकलो, याची नोंद होत राहते. त्या नोंदीवरून पुढचा व्हिडिओ ठरतो, जाहिरातही ठरते. ही वही कुठे ठेवलीय, तेही आपल्याला दिसत नाही.

(सेवाग्राम आश्रम.)

शिक्षणाने हातातल्या वस्तूपासून सुरुवात करावी, हा विचार इथं नवा नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकण्याचा, अभ्यासक्रम आखला. मूल टकळी फिरवायचं आणि सूत मोजता मोजता गणित शिकायचं. कापूस कुठून येतो, कापड कुठे जातं, कमावतं कोण, हेही त्यातूनच उलगडायचं.

त्याच्या आदल्या वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलं होतं की लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे. हा विचार त्यांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू जॉन ड्यूई यांचा. गांधी आणि आंबेडकर यांच्यातले मतभेद खोल होते, ते झाकायचं कारण नाही. पण आजच्या शाळेला दोघांचीही गरज आहे, असं मला मनापासून वाटतं. मोबाईलवर नुसती बंदी घातली की तो दप्तरातून जातो, घरातून जात नाही. टकळीसारखाच तोही वर्गात उलगडून दाखवायला हवा.

(संध्याकाळ. शेताचा बांध. कापसाचं वजन चालू आहे.)

सरांनी आज घरचा अभ्यास दिलाय, आपली जाहिरात आपण बनवा. बोटांवरचा ओरखडा ओळखणारी मुलगी आईचा मोबाईल घेऊन बांधावर आली आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आईचं गाठोडं काट्याला लागलंय. मुलगी मोबाईल आईच्या चेहऱ्यासमोर धरते. आई हातानेच तो बाजूला सारते.

"मायं तोंड कायले घेतं? काटा घे, काटा."

(काट्याचा आकडा. थरथरतो, स्थिर होतो.)