दुसऱ्या मजल्याची वही

(पडद्यावर रेक्झिनच्या पाठीची जाड वही. पान उलटतं. सुरुवातीला फक्त पानाचा आवाज.)

मीटर रीडिंग ४८१२. पंखे ४, पैकी आतल्या खोलीतला पाचवर ठेवला तरी तीनसारखा फिरतो. किल्ल्या ३. गिझर दोन वर्षांचा. बेसिनला खालून तडा, जुनाच.

हे अक्षर काकूंचं. कोथरूडच्या या सोसायटीत त्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने देतात. काकांची पेन्शन औषधांना पुरते, बाकीचं घर वरच्या भाड्यावर चालतं.

(रिकामी खोली. भिंत जवळून.)

भिंतीवर खिळ्यांची भोकं आहेत, अकरा. आधीच्या पोरांपैकी एकाला फोटो लावायची हौस होती. ती पोरं कॅमेऱ्यासमोर आली नाहीत, त्यामुळे अकरा भोकांची दुसरी बाजू आमच्याकडे नाही. काकूंच्या वहीत मात्र त्यांच्या प्रवेशाच्या दिवशीचं पान आहे. भिंत कोरी असल्याची नोंद आणि खाली तिघांच्या सह्या. डिपॉझिटमधून सहाशे रुपये वळते झाले, ते निमूटपणे. रंगाचे पैसे काकूंनी मागितले नाहीत. “तीन वर्षं माणसं राहिली की रंग उडणारच. तो काय त्यांनी चाटला?”

डिपॉझिटचं भांडण घर सोडताना होतं, पण त्याचा निकाल घर देतानाच लागलेला असतो. ही वही म्हणूनच.

(वाड्याचं लाकडी दार, तळमजल्यावर बंद दुकान.)

घरमालकाची धास्ती पुण्याला नवी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जुन्या आकड्यांवर गोठवली आणि पेठांमधल्या वाड्यांत मालकाला भाड्यातून कौलं बदलणंही परवडेना. एकदा भाडेकरू आला की तो गेला नाही, हे दोन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या भीतीने ‘भाडेकरू’ हा शब्दच कागदावरून हटला आणि तिथे लिव्ह अँड लायसन्स आलं. म्हणजे घर मालकाचं, आलेल्याला फक्त राहायची परवानगी.

आणि अकरा महिने. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, अशी केंद्राच्या नोंदणी कायद्यातली वाट होती. महाराष्ट्रात ती वाट ३१ मार्च २००० ला बुजली. त्या दिवशी लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झोपणारे मालक आजही गल्लोगल्ली भेटतात. उद्या वाद झाला, तर अटी काय होत्या याबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, खोडून काढायचं ते मालकाने. शिवाय दंड पाच हजारांपर्यंत, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

(डायनिंग टेबल. लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं यंत्र.)

करार नोंदवायला एजंट घरीच आलाय. भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क निघतं एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि त्या बेरजेत डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याजही येतं. इथे हिशोब सहाशेवीसच्या आसपास येतो. नोंदणी शुल्क हजार रुपये, शहरी हद्द म्हणून. ग्रामीण भागात पाचशे.

आता अंगठा. काकूंचा उमटत नाही. चाळीस वर्षं भांडी घासलेला अंगठा आहे. पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात. एजंट म्हणतो, “आजी, जरा दाबून.” तिसऱ्यांदाही लाल दिवा.

(निवेदन थांबतं. चौथ्या वेळी हिरवा दिवा, काकूंचा चेहरा.)

समोर दोन मुली बसल्यात, एक यवतमाळची, एक लातूरची, दोघी हिंजवडीत नोकरीला. पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरून झाली आहे. सोसायटीला प्रत द्यायचीय. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते त्या बिनभोगवटा शुल्काचा आकडा सेक्रेटरींनी सांगितला, तेव्हा काकूंनी चष्मा काढला आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असं शांतपणे सांगितलं. आकडा उतरला.

(नळ, पान्हा, वायसर.)

दुरुस्तीची वाटणीही वहीतच आहे. नळाचा वायसर, ट्यूब, सिंक तुंबणं राहणाऱ्याकडे. भिंतीतला पाइप, गळती, वायरिंग मालकाकडे. जुलैत छत गळलं की काकू स्वतः वर जातात, बादली घेऊन. मालकाने एवढं केलं की भाडं पाच तारखेच्या आत येतं, असा त्यांचा अनुभव. आमचंही मत तेच आहे.

मुदत संपून माणूस निघत नसेल, तर नोंदवलेला करार घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि राहिलेल्या काळाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. पाणी, वीज तोडणं हा मात्र गुन्हा. शेजारच्या विंगेत एकाने ते केलं, आता तारखा चालू आहेत.

आणि ‘बॅचलर नको’ म्हणून, आडनाव ऐकून ठेवून दिलेले फोन? त्याचं चित्रण आमच्याकडे नाही.

(जिना. दार. कुलूप.)

यवतमाळची मुलगी पंखा लावून पाहते. पाचवर, मग तीनवर.

“काकू, हा तर सारखाच फिरतो.”

“लिहिलंय गं. वाच आणि सही कर.”

मुलगी वही गुडघ्यावर घेते. काकू मीटरकडे वळतात, चष्मा कपाळावर, मान वर.

“चार... आठ... एक... दोन.”