रेल्वेची बोट ब्रसेल्स आणि तिचे कॅप्टन

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर रात्रीची गाडी पकडायची, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विचजवळच्या पार्कस्टन धक्क्यावर उतरायचं, समोर बोट लागलेलीच असायची, आत जाऊन झोपायचं आणि सकाळी हॉलंड नाहीतर बेल्जियम. गाडी, धक्का, बोट सगळं एकाच कंपनीचं, ग्रेट ईस्टर्न रेल्वेचं. म्हणजे बोटीचा कॅप्टन पण रेल्वेचाच नोकर.

ब्रसेल्स ही त्यातलीच एक आगबोट, १९०२ ला स्कॉटलंडमध्ये डंडीत बांधलेली, १,३८० टनांची, पॅसेंजर आणि माल दोन्ही न्यायची.

पहिलं महायुद्ध लागलं तरी हॉलंडच्या फेऱ्या चालूच होत्या, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या. मार्च १९१५ च्या सुरुवातीला कॅप्टन चार्ल्स फ्रायट दुसऱ्या एका बोटीवर होते, पाणबुडी मागे लागली तर त्यांनी डेकवरच्या लोकांना पण भट्टीत कोळसा ओढायला लावला आणि बोट सुखरूप काढली. रेल्वेने त्यांना सोन्याचं घड्याळ दिलं.

मग २८ मार्च. आता ते ब्रसेल्सवर होते. यू-३३ पाणबुडीने थांबायचा इशारा केला, थांबलो तर बोट जाणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून फुल स्पीडने बोट सरळ तिच्याच अंगावर घातली, पाणबुडीला घाईघाईत पाण्याखाली जावं लागलं. याबद्दल अॅडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याने, दुसरं घड्याळ दिलं, त्यावर बोटीचं नाव, तारीख, सगळं कोरलेलं.

जून १९१६ मध्ये हॉलंडहून परतताना जर्मन टॉर्पेडो बोटींनी ब्रसेल्सला रात्री घेरलं आणि पकडून नेलं. कैदेत त्या घड्याळावरचा मजकूरच फ्रायट यांच्याविरुद्ध पुरावा झाला. आरोप काय, तर हा सैनिक नाही, साधा नागरिक, तरी याने पाणबुडीवर हल्ला केला. यू-३३ तर बुडाली पण नव्हती! २७ जुलैला जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरात खटला चालला आणि त्याच दिवशी संध्याकाळी गोळ्या घातल्या. वय ४३, घरी बायको आणि सात मुलं. शाबासकी म्हणून कोरलेल्या चार ओळी माणसाच्या जिवावर उठल्या, हे वाचलं की अजून गलबलतं.

ब्रसेल्स बोट जर्मनांनी माघार घेऊन जाता जाता बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरात बुडवली, नंतर ती वर काढली, आयर्लंडहून गुरं आणायला वापरली आणि १९२९ ला भंगारात गेली.

फ्रायट यांचा मृतदेह जुलै १९१९ मध्ये मायदेशी आणला. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये प्रार्थना झाली, आणि मग लिव्हरपूल स्ट्रीटवरून, त्यांच्याच रेल्वेच्या गाडीने, हार्विचशेजारच्या डोव्हरकोर्टला नेऊन पुरलं.