काचेवरची टकटक

(दृश्य : नागपूर, सीताबर्डी, व्हेरायटी चौक. दुपारचे दोन.)

लाल दिवा लागला की गाड्यांच्या मधून एक मुलगी येते. चेहरा आम्ही दाखवणार नाही. हात बघा. डाव्या मुठीत रबर लावलेले दहा-बारा पेन, उजव्या हाताचं बोट काचेवर. टक, टक. वय फार तर आठ. त्या बोटाचं पेर आपटून आपटून जाड झालंय.

दिवा हिरवा होतो. ती दुभाजकावर चढते, मुठीतले पैसे न मोजता सावलीत बसलेल्या बाईच्या हातात देते आणि नवे पेन घेते. ती बाई आई की मालकीण, हे गाडीत बसून कळत नाही. कायदा मात्र तेच विचारतो.

बालकामगार कायदा 1986 चा. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्याला हातभार लावायची मुभा आहे. या ‘घरात’ आईवडील, भावंडं आलीच, काका, आत्या, मामा, मावशीही आले. मला ही मुभा फार सैल वाटते. चौकात कुणीही मावशी होऊ शकतं.

पेनाऐवजी नुसता हात पसरायला लावला, तर 2015 चा बाल न्याय कायदा, कलम 76. पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. इथे वयाची रेघ 18 ची. आणि शिक्षा भीक मागायला लावणाऱ्याला आहे, मुलाला नाही! भीक मागताना सापडलेलं मूल कायद्याच्या लेखी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असतं. त्याला 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. तरी ‘उचला या पोरांना’ असंच आपण बोलतो, तेव्हा मनाला लागतं.

(दृश्य : तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा. गल्लीतून लाकडी बैल ओढणारी मुलं.)

मग हे? आपलेच पोट्टे सजवलेला बैल घेऊन दारोदार जातात, बोजारा, म्हणजे बैलाच्या नावानं पैसे, मागतात. मीही गेलोय. ओंजळीत पडलेली नाणी आईनं कधी घेतली नाहीत; संध्याकाळी त्यांच्या गोळ्या आल्या, फुगे आले. डिसेंबरात शाळेनं ध्वजदिन निधीचे छोटे झेंडे दिले, तेव्हाही शेजारपाजारी फिरलो. पण पैशापैशाचा हिशोब गुरुजी लिहून घ्यायचे.

चौकातल्या मुलीच्या मुठीतलं काहीच तिचं नाही. पेन नाही, पैसे नाहीत, दुपारही नाही.

(दृश्य : पुन्हा चौक. लाल दिवा.)

चाइल्ड हेल्पलाइन, 1098. फोन फुकट लागतो, दिवसा-रात्री कधीही. चौक सांगा, कोपरा सांगा, वेळ सांगा. मोठं माणूस कुठे बसलंय, तेही सांगा.